गणपतीत पाहुण्यांसाठी कोकणातली खोली : ओल, अंथरूण, पडदे, न्हाणीघर

ओटी_माजघर | ९ जुलै, सकाळी १०:४०

नमस्कार मंडळी. घर देवरुखजवळच्या गावातलं, जांभ्या दगडाचं, कौलारू. माजघराशेजारची १० × १२ फुटांची खोली गणपतीत पाहुण्यांना द्यायची आहे. खिडक्या दोन, एक पश्चिमेला आणि एक उत्तरेला, दोन्ही ४ × ४ फूट. खोलीत प्लायचा बॉक्स बेड, बाहेरच्या भिंतीला टेकलेलं सागवानी कपाट आणि एक टेबल आहे. भिंतींना तीन वर्षांपूर्वी प्लास्टिक इमल्शन दिलंय. खालच्या दोन फुटांत रंगाला फुगे आलेत आणि आत शिरलं की कुबट वास येतो. खोली वर्षाचे आठ-नऊ महिने बंदच असते. येणारे चौघं : सत्तरीतले काका-काकू, त्यांची मुलगी आणि तिचं सहा महिन्यांचं बाळ.

भिंतींना कुठला रंग द्यावा, पडदे कसे घ्यावेत आणि खोली प्रसन्न दिसायला काय करावं? हातात दोन महिने आहेत.

जांभा_चिरा | ९ जुलै, दुपारी १२:०५

ताई, रंगाचा डबा आत्ता आणूच नका. फुगे आलेत ते रंग वाईट होता म्हणून नाही. जांभा सच्छिद्र दगड आहे, पावसाळ्यात जोत्यातून पाणी वर ओढतो. पूर्वी आतून चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याची सफेदी असायची, त्यातून ते पाणी वाफ होऊन निघून जायचं. प्लास्टिक इमल्शनने ती वाट बंद केली. आता पाणी क्षार घेऊन रंगाच्या मागे थांबतं आणि रंग उचलतं. वर दुसरा हात मारलात तर दिवाळीपर्यंत तोही सुटेल.

या दोन महिन्यांत होण्यासारखं सांगतो.

आधी बाहेरून बघा. त्या भिंतीच्या बाहेर माती, लाकडं किंवा कुंड्या रचल्यात का? पागोळ्यांचं पाणी भिंतीपासून लांब पडतंय, की जोत्यावर उडतंय? भिंतीलगतची माती एक वीतभर खाली उतरवा आणि पाण्याला बाहेरच्या बाजूला उतार द्या. कौलं सरकली असतील तर उघडीप बघून सारखी करून घ्या. आतल्या ओलीचा निम्मा प्रश्न बाहेरच सुटतो.

आत फुगलेला रंग पत्र्याच्या खरवडणीने काढा, फुग्याच्या कडेपलीकडे सहा इंच तरी. पांढरा क्षार दिसेल तो कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत भरा. पाण्याने धुवू नका, क्षार विरघळून पुन्हा भिंतीत जातो. तो भाग यंदा उघडाच राहू दे. उघडी भिंत दिसायला बरी नाही हे मान्य, पण ती श्वास घेईल आणि वास कमी होईल.

सफेदी एप्रिल-मेमध्ये करा. कळीचा चुना दोन दिवस भिजवून, कापडाने गाळून, थोडा डिंक घालून पातळ तीन हात. भिजवताना चुना उकळतो, तेव्हा डोळ्यांना चष्मा लावा आणि प्लास्टिकची बादली नको. चुन्याच्या आधी सगळं इमल्शन खरवडावं लागतं, नाहीतर चुना धरत नाही. भर पावसात चुना नीट वाळतही नाही, हातानं पुसला जातो.

कपाट भिंतीपासून तीन इंच पुढे ओढा आणि पायांखाली चिपा घाला. मागच्या बाजूला बुरशी असणारच.

सुतार_मेस्त्री | ९ जुलै, दुपारी १:३०

वरच्या सगळ्याला सहमत. एक भर. कपाटामागची बुरशी कोरड्या फडक्याने झटकली तर ती खोलीभर उडते. आधी नाकाला मास्क, खिडक्या उघड्या, मग साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसायचं आणि लगेच कोरड्याने. सागाला एवढं पुरतं. ब्लीच लाकडाला लावू नका, डाग पडतात. आणि न्हाणीत ब्लीच वापराल तेव्हा त्याच दिवशी टॉयलेट क्लीनर किंवा ॲसिड ओतू नका. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू तयार होतो.

बॉक्स बेडची तपासणी वेगळी करा. कोकणात पावसाळ्यात गादी खालून भिजते ती प्लायमुळे. झोपणाऱ्याच्या अंगातली वाफ गादीतून खाली येते, प्लायवर अडकते आणि तिथेच थांबते.

ओटी_माजघर | ९ जुलै, सायंकाळी ६:१५

गादी उचलून पाहिली. प्लायवर काळे ठिपके आहेत आणि गादीची खालची बाजू गार लागते. दादा, प्लाय बदलावं का?

सुतार_मेस्त्री | ९ जुलै, रात्री ८:५०

प्लाय दाबून बघा. मऊ पडलं नसेल किंवा थर सुटले नसतील तर ठेवा. ड्रिलला एक इंची होल सॉ (गोल भोक कापणारी करवत) लावून दर नऊ-दहा इंचांवर भोक पाडा. सांध्याजवळ आणि कडेच्या चार इंचांत भोक नको, प्लाय तिथूनच फाटतं. भोकांच्या कडा पॉलिश पेपरने घासा, नाहीतर गादीची खोळ अडकते. बॉक्सच्या आतल्या जुन्या सतरंज्या आणि पेपर बाहेर काढा. आत सामान ठासून भरलं की भोकं असून नसल्यासारखी.

नवीन पलंग करायचा झाला तर बॉक्स नकोच. तीन इंच रुंदीच्या फळ्या, मध्ये दोन इंचांची फट. ज्येष्ठांसाठी गादीसकट उंची १८ ते २० इंच ठेवा. बसल्यावर तळवे जमिनीला टेकले पाहिजेत, म्हणजे उठताना गुडघ्यांवर ताण येत नाही.

पिंजलेला_कापूस | १० जुलै, सकाळी ७:२०

गादीबद्दल. कापसाची असेल तर हीच वेळ पिंजून घ्यायची, पण उघडिपीचे दोन दिवस बघून. ओल्या हवेत पिंजलेला कापूस आठवड्यात पुन्हा बसतो. पिंजारी घरी येणार असेल तर कापूस आदल्या दिवशी उन्हात टाका आणि जुना पिवळा, गोळे झालेला भाग बाजूला काढा. त्याच्या जागी नवा कापूस घाला. पाठीला आधार हवा तर भराई घट्ट करून घ्या आणि टाके सहा-सहा इंचांवर.

उशा सावरीच्या कापसाच्या उत्तम. १७ × २७ इंचांच्या उशीत सव्वा किलोच्या आसपास भरतात. सावरी धुवायची नाही, गोळे होतात. फक्त ऊन. प्रत्येक माणसामागे एक मऊ आणि एक घट्ट अशा दोन उशा ठेवा, मानेचा त्रास असणारे पाहुणे मागायला संकोचतात.

फोम_की_कापूस | १० जुलै, सकाळी ९:४५

कोकणात कापूस का? जुलै ते सप्टेंबर ऊन कुठे मिळतं? काथ्याची गादी घ्या, चार-पाच इंच, वर पातळ फोम. ओल कमी धरते आणि घट्टही असते.

पिंजलेला_कापूस | १० जुलै, सकाळी १०:३०

काथ्या वापरात असेल तर चालेल. पण वर्षभर बंद खोलीत पडून राहिलेल्या काथ्याला वास येतो, आणि तो आतून येतो, खोळ धुवून जात नाही. कापूस निदान उसवून पिंजता येतो. शुद्ध फोम असेल तर तो कडक उन्हात तासन्‌तास टाकू नका, पिवळा पडून चुरा होतो. सावलीत, वाऱ्यात, उभा करून ठेवा.

ऊन मिळत नसेल तर गादी भिंतीला न लावता दोन खुर्च्यांच्या पाठीवर उभी करायची आणि पंखा पूर्ण वेगाने चार-पाच तास. मग पलटून पुन्हा तितकंच.

हवा_पाणी | १० जुलै, दुपारी ३:१०

खिडक्यांबद्दल एक गैरसमज आहे, तो सांगते. मुसळधार पावसात दिवसभर खिडक्या सताड उघड्या ठेवल्या की खोली कोरडी होत नाही, बाहेरची नव्वद टक्के आर्द्रतेची हवा आत येते. उघडीप असेल तेव्हा ११ ते ४ दोन्ही खिडक्या आणि दार उघडून पंखा लावा, वारा आरपार जाईल. संध्याकाळी बंद. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र काहीशे रुपयांत मिळतं, ते टेबलावर ठेवा. आकडा ७० च्या वर राहिला की बुरशी धरते, ६० च्या आसपास आणता आला तर उत्तम.

ओल शोषणारं यंत्र विकत किंवा भाड्याने मिळालं तर खिडक्या-दारं बंद करूनच चालवायचं. पाहुण्यांच्या आधीचे आठ दिवस रोज सहा तास चालवलंत तरी कपाटातल्या कपड्यांचा वास जातो. टाकी भरली की ते आपोआप थांबतं, म्हणून सकाळ-संध्याकाळ रिकामी करा. कपाटात कॅल्शियम क्लोराइडचे डबे चालतात, पण खालच्या कप्प्यात आणि सरळ. त्यात साठलेलं पाणी सांडलं तर लाकडाची पॉलिश जाते आणि फरशी चिकट होते.

तान्हुलं | १० जुलै, रात्री ९:००

सहा महिन्यांचं बाळ आहे म्हणून मुद्दाम लिहिते. कपाटात, अंथरुणात, दुपट्यांत डांबराच्या गोळ्या असतील तर त्या आजच काढा. त्यात नॅफ्थलीन असतं. जी६पीडीची (तांबड्या पेशींना जपणारं एक एन्झाइम) कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी त्याच्या वासानेसुद्धा फुटू शकतात, आणि ही कमतरता पुष्कळदा कोणाला माहीतच नसते. त्या कपाटातली चादर बाळाला वापरायची असेल तर धुवून, वारा देऊन, वास पूर्ण गेल्यावरच. त्याऐवजी कडुनिंबाचा वाळलेला पाला, लवंगा आणि वेखंडाचे तुकडे सुती पुरचुंडीत बांधून ठेवा, बाळाचा हात पोचणार नाही अशा कप्प्यात.

पाळणा बांधायचा तर तुळईला. पंख्याच्या हुकाला किंवा वाशाला नको. बाळाच्या झोपायच्या जागी उशी, जाड दुलई, लोड काहीही नको, सपाट घट्ट गादी पुरते. उदबत्ती, धूप, डास पळवणारी कॉइल त्या खोलीत लावू नका. मच्छरदाणी लावा.

रात्रपाळी | ११ जुलै, सकाळी ८:१०

मच्छरदाणीचं आणखी एक कारण. पावसाळ्यात मण्यार घरात शिरते, ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावण्याचा धोका सगळ्यात जास्त. दंश दुखत नाही, खूण नीट दिसतही नाही. गणपतीत पाहुणे वाढले की पोरांची अंथरुणं खाली पडतात. खाली झोपणाऱ्यांनाही मच्छरदाणी द्या आणि तिच्या कडा चारी बाजूंनी गादीखाली खोचा, नुसती सोडलेली मच्छरदाणी उपयोगाची नाही. खाटेखाली अडगळ, भाताची पोती, नारळाच्या करवंट्या ठेवू नका. तिथे उंदीर येतात आणि उंदरामागे साप. दाराखालची फट अर्ध्या इंचापेक्षा मोठी असेल तर रबरी पट्टी मारून घ्या.

उशाशी टॉर्च हवाच. फोनचा उजेड पुरत नाही.

वायरमन_रत्नागिरी | ११ जुलै, सकाळी ११:२५

बंद खोलीतला स्विचबोर्ड उघडून बघितल्याशिवाय पाहुण्यांना खोली देऊ नका. मेन बंद करून, चाचणी पेनने तपासून, मगच पट्टी काढा. आत मुंग्यांचं वारूळ, हिरवट पडलेले तांब्याचे पॉइंट, ओल सापडते. घरात ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज आपोआप तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या आणि तिचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबा.

उजेडासाठी एकच पांढरी ट्यूब नको. ९ वॉटचे दोन पिवळसर एलईडी, ३००० केल्विनचे, समोरासमोरच्या भिंतींवर. पलंगाच्या दोन्ही बाजूंना ५ वॉटचा एकेक दिवा, हात लांब केल्यावर बटण सापडेल असा. एक रात्रदिवा दारापासून न्हाणीच्या वाटेवर, जमिनीपासून फूटभर उंचीवर, म्हणजे पावलं दिसतात आणि डोळ्यांवर उजेड येत नाही. पलंगाजवळ ६ अँपिअरचे दोन सॉकेट. फोन दाराजवळ चार्जिंगला लावायला लागला तर माणूस एक्स्टेन्शन ओढतो आणि काका त्यात अडखळतात.

वीज जाणारच. या खोलीचा पंखा आणि एक दिवा इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. बोर्डावर पंखा, दिवा, रात्रदिवा अशा चिठ्ठ्या चिकटवा.

नऊवारी_ते_पडदे | ११ जुलै, दुपारी ४:४०

पडदे विकत घेऊ नका, घरात जुन्या सुती नऊवारी असतील तर त्या काढा. हिशेब असा. खिडकी ४ फूट, पडदा ५ फूट लांब. वरची-खालची दुमड मिळून १० इंच धरा, म्हणजे एका पडद्याला ७० इंच. नऊवारी साधारण सव्वाआठ मीटर, त्यात असे चार पडदे निघतात आणि मीटरभर उरतं. साडीची रुंदी ४५ इंच, एका खिडकीला दोन पडदे म्हणजे ९० इंच, ४८ इंचांच्या खिडकीला जवळजवळ दुप्पट चुणी. दोन खिडक्यांचे चारही पडदे एकाच साडीत होतात.

काठ कुठे येईल ते आधी ठरवा. साडी लांबीवर कापली की दोन्ही काठ पडद्याच्या उभ्या कडांना येतात. खिडकीच्या मध्यावर येणारी कड शिलाईत झाकू नका, पडदे मिटले की दोन्ही काठ शेजारी शेजारी दिसतात आणि तीच शोभा. पदर कापून पडद्यात घालू नका, त्याची वीण जड असल्याने तो पडदा वाकडा लोंबतो. पदराचे १६ इंची दोन अभ्रे करा, लोडांना किंवा टेबलाजवळच्या खुर्चीला.

पश्चिमेच्या खिडकीला मागून मांजरपाटाचं अस्तर हवंच, नाहीतर जुनं सूत दोन उन्हाळ्यांत विरतं. मांजरपाट शिवण्याआधी गरम पाण्यात धुवून घ्या, आटतो. न धुता लावला तर पहिल्या धुण्यानंतर अस्तर आखडतं आणि पडदा पोट काढतो. कड्या लावणार असाल तर प्रत्येक पडद्याला सम संख्येत, ८ ठीक. विषम झाल्या की एक कड भिंतीकडे वळते, दुसरी खोलीकडे.

सुतार_मेस्त्री | ११ जुलै, सायंकाळी ५:३०

दांडीबद्दल : जांभ्यात साधा प्लास्टिक प्लग धरत नाही, भोक पाडताना दगड भुगा होतो आणि चार दिवसांत स्क्रू फिरायला लागतो. खिडकीच्या लाकडी चौकटीवरच ब्रॅकेट मारा. भिंतीतच हवं असेल तर दीड इंची चौकोनी खाच काढून त्यात सागाची गुल्ली सिमेंटने बसवा, दोन दिवस वाळू द्या, मग स्क्रू.

ओटी_माजघर | १२ जुलै, सकाळी ९:१५

खूप आभार. पडद्यांसाठी साडी सापडली, हिरवी, केशरी काठाची. आता न्हाणीघर. खोलीला लागून आहे, तेही बंद असतं आणि दार उघडलं की गटाराचा वास येतो.

नळ_दुरुस्ती | १२ जुलै, सकाळी १०:५०

वासाचं कारण बहुतेक सोपं आहे. जमिनीच्या जाळीखाली ट्रॅप असतो, त्यातलं पाणी गटाराचा वायू अडवतं. वापर नसला की काही आठवड्यांत ते पाणी सुकतं आणि वास व झुरळं वर येतात. जाळीत, बेसिनमध्ये, कमोडमध्ये दोन-दोन तांबे पाणी ओता, तासाभरात फरक कळेल. खोली महिनोन्‌महिने बंद राहणार असेल तर पाण्यावर चमचाभर गोडं तेल सोडा, पाणी उडायला वेळ लागतो. एवढं करून वास राहिलाच तर ट्रॅप फुटलाय किंवा बसवलेलाच नाही.

बंद नळ सोडून गढूळ पाणी जाऊ द्या. गिझर सुरू करण्याआधी जुनं पाणी पूर्ण काढा. १५ लिटरच्या २ किलोवॉटच्या गिझरला अंघोळीचं पाणी तापायला २० मिनिटं लागतात, चौघांच्या अंघोळीचं वेळापत्रक त्यावर बसवा.

गॅस गिझर असेल तर तो न्हाणीच्या आत नकोच, बाहेर मोकळ्या हवेत पाहिजे. बंद न्हाणीत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो आणि माणूस आत बेशुद्ध पडतो. यात तडजोड नाही.

काकांसाठी कमोडशेजारी स्टीलचा दांडा, जमिनीपासून ३० ते ३३ इंचांवर, विटांच्या किंवा चिऱ्याच्या भिंतीत आरपार बोल्टने. सक्शनचे दांडे ओल्या टाइलवरून निसटतात. दाराची कडी बाहेरूनही उघडता येईल अशी.

घरचं_अंथरूण | १२ जुलै, दुपारी २:००

चादरी डबल बेडला ९० × १०० इंच, दोन जोड. नव्या असतील तर एकदा धुवूनच घाला, खळ अंगाला टोचते. पांघरायला प्रत्येकी एक सोलापुरी चादर आणि एक मऊ गोधडी, पहाटे गारवा असतो. प्रत्येकाला दोन पंचे, जाड टर्किश टॉवेल पावसात दोन दिवस वाळत नाही.

आणि वाळत घालायची जागा! पाहुणे ओले कपडे कुठे घालायचे ते विचारत नाहीत, मग पलंगाच्या कडेला टाकतात आणि गादी पुन्हा ओली. पडवीत त्यांच्यासाठी म्हणून वेगळी दोरी बांधा, डझनभर चिमटे सोबत. खोलीत कपाटाचे दोन कप्पे रिकामे, सहा हँगर, बॅग ठेवायला गुडघ्याएवढं बाकडं. बाळाच्या आईला दाराला आतून कडी आणि उठून बसायला हात असलेली खुर्ची.

टेबलावर झाकणीचा तांब्या-भांडं, टॉर्च, वाय-फायचा पासवर्ड मोठ्या अक्षरांत, जवळच्या डॉक्टरांचा आणि रिक्षावाल्याचा नंबर.

ढेकूण_नको | १२ जुलै, रात्री ८:३०

पाहुणे यायच्या आधी आणि गेल्यावर गादीच्या शिवणी, पलंगाचे सांधे टॉर्चने बघा. पेनने टिंबं मारल्यासारखे काळे डाग म्हणजे ढेकूण. उन्हाची उष्णता जाड गादीच्या आतपर्यंत जात नाही. कपडे ६० अंशांच्या पाण्यात, सांध्यांना वाफ, आणि फवारणी दोनदा, १०-१४ दिवसांच्या अंतराने, कारण पहिल्या फवारणीत अंडी मरत नाहीत.

धान्यात टाकायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ढेकणांसाठी घरात ठेवू नका. त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, शेजारच्या खोलीत झोपलेली माणसंसुद्धा दगावतात.

नऊवारी_ते_पडदे | १३ जुलै, सकाळी १०:००

सजावटीचं राहिलं म्हणून. भिंतीवर एकच मोठी फ्रेम, मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवून, हवा खेळेल. चारी भिंती भरू नका, ओल त्यामागेच धरते. सावंतवाडीची लाकडी फळं टेबलावर छान दिसतात, पण बाळ आहे तोवर उंच फळीवर. पाण्याच्या बाटलीतला मनीप्लांट नको. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. ठेवायचाच तर दर आठवड्याला पाणी बदला आणि बाटली आतून घासा. सोनटक्का पडवीत ठेवा, बंद खोलीत रात्री त्याचा वास डोक्यात जातो. तेरड्याची फुलं पितळी तांब्यात चालतील.

ओटी_माजघर | १३ जुलै, दुपारी १२:२०

खरवडायला उद्या माणूस येतोय. गणपती झाल्यावर खोली पुन्हा बंद होईल, तेव्हा काय करावं?

हवा_पाणी | १३ जुलै, दुपारी ३:४५

चादरी, अभ्रे धुवून, पूर्ण वाळवून, सुती कापडात गुंडाळून लोखंडी ट्रंकेत. प्लास्टिकच्या पिशवीत नाही. गादी पलंगावर आडवी टाकून जाऊ नका, कडेवर उभी करा आणि वर जुनी चादर. कपाटाची दारं बोटभर उघडी. खिडकीच्या वरच्या झडपांना बारीक जाळी मारून त्या उघड्या ठेवा. गावात कोणी किल्ली सांभाळणारं असेल तर त्यांना पंधरा दिवसांतून एकदा दोन तास खोली उघडायला, पंखा लावायला आणि न्हाणीच्या जाळीत तांब्याभर पाणी ओतायला सांगा. ऑक्टोबरचं ऊन पडलं की गाद्या-उशा दोन दिवस अंगणात, आणि तेव्हाच खरवडलेल्या भिंतीचा फोटो टाका. क्षार पुन्हा किती आला त्यावरून एप्रिलमध्ये नुसती सफेदी पुरेल की खालचा गिलावा काढावा लागेल ते जांभा_चिरा सांगतील.

जांभा_चिरा | १३ जुलै, सायंकाळी ७:१०

हो, फोटो टाका. जमिनीपासून किती इंचांपर्यंत ओल चढली ते पेन्सिलीने भिंतीवर खूण करून ठेवा, आता एक आणि गणपतीनंतर एक.